यमुनाबाईंना दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

ज्या बाईला आम्ही तिचं पोर कसं मेलं हे दोनदा विचारलं, ती बाई आज गेली.

तिच्या मुलाचा, दगडूचा, सकाळी फोन आला. "आबा, आई गेली."

"कशानं?" हा शब्द जिभेवर आला होता. गिळला.

सत्तर-एकाहत्तरचा काळ. पाथर्डीच्या पुढे कोरडवाहू गावांत आमचा आरोग्याचा सर्व्हे चालायचा. कुणाच्या घरी कोण दगावलं, कशाने, हे लिहून आणायचं आणि त्या आजाराला यादीतला आकडा द्यायचा. कोड म्हणायचे त्याला. सर्व्हेच्या डॉक्टरांच्या हाताखाली मी ते लिहिणारा कारकून.

मग वरून नवी यादी आली. जुनी सगळी माहिती नव्या आकड्यांत बसवा, असा हुकूम.

सगळं बसलं. "डबा" बसेना.

तान्ह्याचं पोट फुगतं, छाती धपापते, की आमच्याकडे म्हणतात, डबा झाला. जुन्या यादीत अशी सगळी पोरं आम्ही एकाच आकड्याखाली निजवली होती. नवी यादी विचारत होती, फुप्फुस की आतडी?

शाळेपासून मी कवितांवर जगलेला. वाटायचं, प्रत्येक शब्दाला कुठेतरी जोडीचा शब्द असतोच.

डॉक्टर म्हणाले, "घरोघरी परत जावं लागणार."

वाटेत करडई फुललेली. जीपमध्ये मी तंद्रीत पाचवीच्या पुस्तकातली कविता गुणगुणत होतो.

"कविता आवरा," डॉक्टर म्हणाले. "गाव आलं. कुठल्या तोंडाने विचारायचं ते शोधा."

यमुनाबाईची सासू ओट्यावर बसली होती. मांडीवर नवं बाळ. आधीचं गेलं म्हणून ह्याचं नाव दगडू.

"परत आलात व्हय? का आमचं पोरगं मागारी आनलंय?"



यमुनाबाई चहा ठेवायला निघाली. डॉक्टरांनी तिला बसवलं.

"बाई, आमची यादी बदलली म्हणून आलोय. त्याचा श्वास जोरात चालायचा का? की जुलाब होते?"

"श्वास. बरगड्या आत जायच्या."

मग म्हणाली, "आनिक एक हाय. मागल्या येळंला तुमी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई."

पोटावर डाग दिला होता. डब्याला देतात तसा, तापलेल्या विळ्याचा. सासूचा हात थरथरला, म्हणून हिनेच दिला. दुसऱ्या दिवशी पोर गेलं.

"म्या मारलं का त्याला, डाक्टरसायेब?"

सासू हळूच म्हणाली, "तवापसनं ह्यी अशीच. ह्या पोराला पाजायपुरतं घेती, त्ये बी डोळं मिटून. म्हनती, माजा हात वंगाळ."

आम्ही फक्त लिहून घ्यायचं, सांगायचं काही नाही, असा नियम होता.

डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. "छातीच्या आजाराने गेलं ते. डागाने नाही. पण ह्याला कधी देऊ नका."

"शपथ?"

"शपथ."

पदर तोंडात कोंबून ती रडली. मग सासूच्या मांडीवरून दगडूला उचललं आणि त्याचे तळपाय हुंगत बसली.

परतताना मी विचारलं, "नक्की डागाने नाही?"

"छातीचं होतंच. डागाने किती खचलं, कोण सांगणार?"

मग म्हणाले, "ती एवढं घेऊन बसली होती. यादी बदलली नसती, तर आपण आलो असतो का हो?"



डॉक्टर जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

यमुनाबाई मात्र नगरला आली की शेंगा, हुरडा घेऊन घरी यायची. माझ्या बायकोला दर वेळी सांगायची, "ह्यान्नी माजं लेकरू माज्या हातात दिलं, वैनी."

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जायचो. लाजेने. 

यमुनाबाई, आम्ही तुमच्या दारी एका आकड्यासाठी आलो होतो.

तुमच्यासाठी नव्हतो आलो.

हे तुमच्या तोंडावर सांगायला एवढं आयुष्य पुरलं नाही.

सुखाने जा. पायांवर डोकं ठेवतो.