नाउरूची पाखरं आणि आबांचा माळ

नाउरू या देशाची आबांइतकी काळजी करणारा माणूस खुद्द नाउरूतही सापडणार नाही, असं माझं ठाम मत आहे. आबा माझे कुणी नातेवाईक नव्हेत. औंधच्या पलीकडच्या कोरड्या पट्ट्यातून ते दर वर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आमच्या मलकापूरच्या रानात उतरतात. चार मुक्काम कळप रानात बसवायचा, लेंड्यांचं खत आम्हाला आणि ज्वारीचं पोतं त्यांना, असा आमच्या दोन घरांचा जुना रिवाज. त्यांच्या पागोट्याखाली पॅसिफिक महासागरातलं एक अख्खं प्रजासत्ताक वस्तीला आहे, हे मला भूगोल शिकवण्याची नोकरी संपत आल्यावर कळलं.

हा देश त्यांच्या घरात आला तो नातीमुळे. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास मोठ्याने वाचून करायची आणि आबा शेजारी बसून लोकर कातायचे. बाकीचे देश एका कानाने आले आणि दुसऱ्याने गेले. नाउरू तेवढा राहिला, कारण समुद्रपाखरांच्या विष्ठेचे थर साचून तिथे खताचं पठार झालं होतं आणि त्या खतावर देश श्रीमंत झाला होता, असं वहीत लिहिलं होतं. खत म्हटल्यावर आबांचा हात थांबला. ते पान त्यांनी इतक्या वेळा वाचून घेतलं की पोरीने शेवटी वहीच लपवली. तोवर उशीर झाला होता, सगळं तोंडपाठ झालं होतं.

तेव्हापासून आबा जगातली प्रत्येक गोष्ट नाउरूने मोजतात. एकवीस चौरस किलोमीटर, नदी नाही, अधिकृत राजधानी नाही आणि किनाऱ्याने फिरणारा एकच रस्ता. "दोन मुक्कामात देश सपतोय गुर्जी," ते मला म्हणाले, "तिसऱ्या दिशी मेंढरं परत पयल्याच रानात." एवढ्या देशाचा सातबारा किती पानांचा निघेल, हे त्यांनी तलाठ्यालाही विचारून पाहिलं होतं. इतिहास तर ते भावकीतल्या बांधाच्या भांडणासारखा सांगतात. आधी जर्मन आले, मग ऑस्ट्रेलियावाले, महायुद्धात जपान्यांनी बेट धरलं आणि शेकडो माणसं उचलून दुसऱ्याच बेटावर नेऊन टाकली. अडुसष्ट साली देश सुटला, घरचं विमान आलं, पण खणायचं काही थांबलं नाही. आता मधल्या सगळ्या रानात दगडाचे सुळके उभे आहेत.

या साऱ्यात आबांची तक्रार एकच. पाखरांना धान्य कुणी दिलं? ती रानपाखरं होती, त्यांना मालक नव्हता, हे मी माझ्या सगळ्या नोकरीचा अनुभव पणाला लावून समजावलं. आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवं, म्हंजी कुणी बसवली न्हाईत, आपणहून बसली. मग तर जास्तच द्याय पायजे व्हतं."

मागच्या वर्षी रस्त्याच्या कामाला मुरूम हवा म्हणून एक ठेकेदार आबांच्या माळावर आला. या माळावर आबांच्या चार पिढ्यांनी मेंढरं चारलेली. आबांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि जर्मनांपासून सुरुवात केली. जपानी यायच्या आतच ठेकेदाराने, म्हातारा बोटीवर नोकरीला होता का, असं आबांच्या मुलाला हळूच विचारलं आणि तो गाडीत बसून गेला. मुलगा वैतागला. त्याने मला फोन करून, तुम्ही तरी त्यांना सांगा, म्हणून बोलावून घेतलं. मी मनातून आबांच्याच बाजूचा होतो, तरी गेलो.

तिथे गेल्यावर खरं कारण कळलं. नात परीक्षेत दोनदा थोडक्यात हुकली होती. पुण्याच्या क्लासला धाडायचं तर माळातल्या मुरमाखेरीज घरात विकण्यासारखं काही नव्हतं, आणि यंदा नाही गेली तर तिचं लग्न ठरणार होतं. आबांनी तिला समोर बोलावलं.

"जायाचंय व्हय गं तुला?"

"व्हय आबा. पण माळ नगं."

आबांनी पेन मागितलं आणि मुलाने पुढे केलेल्या मुरमाच्या कागदावर एक-एक अक्षर जुळवत सही केली. त्या दिवशी त्यांनी नाउरूचं नावही काढलं नाही. मला फार वाईट वाटलं. मी भांडायला हवं होतं, असंही वाटलं, पण कुणाशी, ते आजही सांगता येणार नाही.

यंदा दिवाळी होऊन महिना झाला तरी मेंढरं आमच्या रानात उतरली नाहीत. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. आबांचं काही बरंवाईट तर नाही, या धास्तीने मी दुपारीच त्यांच्या गावी गेलो. सवयीने बायकोने ज्वारीचं पोतं गाडीत टाकलं होतं. आबा ठणठणीत होते. माळाच्या जागी आता मोठा खड्डा होता, आणि त्या उघड्या कातळावर चारी बाजूंनी जाळं लावून त्यांनी आपली मेंढरं बसवली होती. सकाळी आणि उन्हं उतरल्यावर चरायला न्यायची आणि बाकीचा वेळ इथे, असा त्यांनी हंगामभराचा बेत केला होता. नात दर रविवारी पुण्याहून फोन करते आणि आधी खड्ड्याची चौकशी करते, हे त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

मी म्हटलं, आबा, दगडावर माती व्हायला किती वर्षं लागतील, कल्पना आहे का?

"पाखरांनी कुटं घाई केलती, गुर्जी?"

मी पोतं उतरवलं. आबा घेईनात. यंदा तुमच्या रानात बसलो नाही, मग धान्य कसलं, म्हणाले. फारच आग्रह केला तेव्हा त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं, ओंजळभर ज्वारी घेतली आणि खड्ड्याच्या कडेकडेने पेरल्यासारखी टाकत गेले. परत येऊन माझ्याशेजारी बसले.

"बघू," ते म्हणाले, "बसतंय का कुणी."

थोड्या वेळाने एक साळुंकी आली. तिने वरून एक घिरटी घातली, पण ती उतरली नाही. आम्ही दोघे तिथेच बसून राहिलो.