पोरीचं नाव

परवा गादीवाल्याच्या दुकानापाशी नव्या कापसाचा वास आला आणि नेरमधला आमचा ओटा आठवला. तेव्हा तिथे कापसाच्या ढिगाशेजारी माझी बायको सुलभा भाषांवरचं पुस्तक वाचत बसली होती. तिला सातवा महिना होता.

"ऐका न, कुर्दिश भाषेत नावाले 'नाव'च म्हणतात. ती आपल्याच गोतातली. फिनिश मात्र परकी, तिच्यात 'निमी' म्हणतात."

"मग पोरगी झाली तर निमीच ठेवू."

ती खळखळून हसली. ते हसू तेव्हा मला रोजचंच वाटलं.

पुढच्या महिन्यात कळा सुरू झाल्या. कापसाच्या भावासाठी लोकांनी रस्ता अडवला होता. तिला घेऊन निघालेली जीप यवतमाळच्या दवाखान्यात उशिरा पोचली. मुलगी झाली, पण रडलीच नाही.

"एकदा तिले हाक मारा," सुलभा म्हणाली.

मी हाक मारली. सुलभा कितीतरी वेळ ओ येण्याची वाट पाहत राहिली.