तुझ्या नवऱ्यामुळे आम्ही श्रीमंत

अमेरिकेत, सेंट पॉलला युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर एका टायरच्या दुकानाच्या माडीवर आमचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. शिकवायचं काम माझं, बाकी सगळं चुआ हेरचं. माणसं घरून उठवून आणायची, त्यांच्या बोलण्याचं भाषांतर करायचं, दवाखान्याच्या तारखा लक्षात ठेवायच्या, भांडणं मिटवायची. वर्गात बहुतेक लाओसच्या डोंगरांतून आलेले हमाँग म्हातारे-म्हाताऱ्या आणि काही थायलंडच्या निर्वासित छावणीतून उशिरा आलेले लोक. त्यांच्यात बायका लग्नानंतरही माहेरच्या कुळाचंच नाव लावतात, म्हणून चुआ हेर आणि तिचा नवरा वांग. पण सून ती वांगांची, आणि ते तिला कुणी विसरू देत नसे.

जानेवारीतल्या एका सकाळी मी जिना चढून वर आले तर चुआ कोटही न काढता टेबलाशी उभी होती. हातात एक पत्र.

"मास्तरीणबाई, हे वाच. आणि मला सांग, मी श्रीमंत कधी झाले? मला कुणी कळवलं कसं नाही?"

वर्गाचा खर्च ज्या संस्थेकडून यायचा तिचं पत्र होतं. जुलैपासून मदत फक्त राज्याच्या सरासरीपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या समाजांना मिळणार होती. सोबत एक तक्ता, कुठल्या समाजाचं घरटी उत्पन्न किती त्याचा. पाच ओळी: गोरे, काळे, लॅटिनो, मूळ रहिवासी, आशियाई. सगळ्यात मोठा आकडा आशियाई लोकांच्या ओळीत.

"आता कळलं?" चुआ म्हणाली. "तुझ्या नवऱ्यामुळे आम्ही श्रीमंत."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. माझा नवरा हृदयात बसवायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. आम्ही भारतातून इथे आलो ते हातात नोकरीचं पत्र घेऊन, कंपनीने काढलेल्या तिकिटावर. चुआ आली १९८०च्या फेब्रुवारीत, अकरा वर्षांची, छावणीत मिळालेल्या रबरी चपला घालून, बर्फात. बाप लाओसमध्ये अमेरिकेच्या बाजूने लढताना गेलेला, धाकटा भाऊ मेकाँग नदी ओलांडताना गेलेला. सोळाव्या वर्षी लग्न, पोटात पहिलं पोर असताना शाळेची परीक्षा, मग सतरा वर्षं कारखान्यात बारीक तारा जोडायचं काम. आणि त्या तक्त्यात ती आणि मी एकाच ओळीत. आवळ्या-भोपळ्याची मोट म्हणतात ती हीच.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी संस्थेच्या कचेरीत गेलो. ग्रेटा लिंडक्विस्ट नावाची बाई आमचं काम बघायची. स्वभावाने खरंच चांगली. तिने कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं, मान हलवली.

"तुमचं म्हणणं मला पटतं," ती म्हणाली. "पण हमाँग लोकांचे वेगळे आकडे फार जुने आहेत, आमचं मंडळ ते मानणार नाही. तुमच्या वर्गात येणाऱ्या घरांची माहिती तुम्हीच गोळा करून आणा ना. मे महिन्यात बैठक आहे."

जिन्यात चुआ म्हणाली, "म्हणजे गरीब आहोत हे सिद्धसुद्धा आपणच करायचं. फुकट."

पण केलं तिने. बासष्ट घरं. मी कागद तयार केला: घराचं नाव, पत्ता, वर्षाचं उत्पन्न. बस. आज वाटतं, तो कागद मी केला नसता तर बरं झालं असतं.

पहिलं घर न्हिया पाओ वांग यांचं, फेलन तलावाच्या बाजूला. वय अठ्ठ्याहत्तर, चुआच्या सासरच्या कुळातले सगळ्यात मोठे. मार्चची थंडी होती आणि म्हातारा घरात कोट आणि लोकरीची टोपी घालून बसलेला, कारण हीटर बंद. तरी आमच्यासमोर औषधी पाला घालून उकडलेली कोंबडी, चिकट भात आणि मिरचीचा ठेचा आला. खाल्ल्याशिवाय कामाचं बोलायची सोय नाही. खाणं झाल्यावर चुआने खाली बघत, सुनेच्या आवाजात प्रश्न विचारला.

म्हाताऱ्याने दात कोरत विचार केला. "शाँगांकडे जाऊन आलीस?"

"नाही मामंजी, तुम्ही पहिले."

"लॉर लोकांकडे?"

"नाही."

"जाशील ना पण?"

"सगळ्यांकडेच जायचंय."

"आणि मग हे कागद सगळे एकत्र होणार. वांग किती, शाँग किती."

"तसं नाही मामंजी. कुळाचं कुणी बघत नाही."

"लोक बघतात, सूनबाई," म्हातारा म्हणाला. "लिही. अठ्ठ्याऐंशी हजार."

मी चुआकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच लिही म्हणून सांगितलं. सून होती, काय बोलणार? गाडीत बसल्यावर मात्र तिने स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले.

"अठ्ठ्याऐंशी हजार! हीटर लावत नाहीत! सरकारकडून गॅसच्या बिलाला मदत मिळते, तो अर्ज मीच भरलाय! अठ्ठ्याऐंशी हजार!"

दुसऱ्या दिवशी शाँगांच्या घरी गेलो. दार उघडलेल्या माणसाचा पहिला प्रश्न, "वांगांनी काय सांगितलं?" सांगता येत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे बरंच सांगितलं." आणि नव्वद हजार लिहायला लावले. त्याची बायको आतून ओरडली, "थोरल्याचं धरलंस का?" थोरला टेक्सासात राहतो, सहा वर्षांत फिरकलेला नाही. तरी त्याचं धरलं.

हे असंच तीन आठवडे चाललं. लॉरांची म्हातारी म्हणाली, आकडा काही लिही पण शाँगांच्या खाली नको. एका बाईने विचारलं, व्हिएतनामी लोकांचं किती निघालं, त्यांच्यावर जायला किती लागेल? एकाने तर सोमाली लोक आपल्यानंतर येऊन मॉलमध्ये दुकानं घालून बसले म्हणून आम्हालाच झापलं, जणू ती आम्हीच भाड्याने दिली होती. चुआच्या नाकी नऊ आले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी बासष्ट घरांची सरासरी काढली आणि पुन्हा एकदा काढली. संस्थेच्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा जास्त निघाली.

"झालं," चुआ म्हणाली. "आता तुझा नवराच आमच्यामुळे श्रीमंत."

त्या दिवशी वर्गात मी 'काल' आणि 'आज' शिकवणार होते. चुआ फळ्यापुढे येऊन उभी राहिली आणि हमाँग भाषेत बोलायला लागली. एवढी वर्षं त्यांच्यात काढल्यावर मला अर्धंमुर्धं कळतं. बाकीचं तिने नंतर सांगितलं.

"तुम्ही सगळे खोटं बोललात. मी थंडीवाऱ्यात, बर्फात दारोदार फिरले. हा वर्ग जुलैत बंद होणार. मग बसा घरी आणि सांगत बसा एकमेकांना, कोण किती कमावतं. गॅसचं पत्र आलं की माझ्याकडे यायचं नाही. व्हिएतनामी माणसाकडे जा. शाँगांकडे जा!"

वांगांची सून वांगांच्या म्हाताऱ्यांना भर वर्गात खोटारडे म्हणाली होती. तिच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण तिचे कान लाल झाले. न्हिया पाओ हळूच उठले. आता रागावतील असं मला वाटलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "छावणीत मी तांदळाच्या रांगेत उभा राहायचो. चार वर्षं. एक पोरगेला कारकून टेबलाशी बसून प्रत्येकाच्या नावापुढे काहीतरी खरडायचा. काय लिहितो म्हणून मी दुभाष्याला विचारलं. तो म्हणाला, 'निराधार' लिहितोय. लढाईत मी चाळीस माणसांचा नायक होतो. माझ्या हाताखाली पोरं मेली. त्यानंतर मी ठरवलं, कागदावर पुन्हा ते कुणाला लिहू द्यायचं नाही. तुलासुद्धा नाही."

चुआ खडू हातात घेऊन उभी राहिली. मग तिने विचारलं, "मग मी काय विचारू मामंजी?"

"दुसरं काहीतरी विचार."

"घरात जेवायला माणसं किती?"

म्हाताऱ्याची मान ताठ झाली. "चौदा!"

"कमावणारी?"

"पाच."

मागून शाँग ओरडला, "आमच्याकडे सोळा!" लॉरांच्या म्हातारीने बोटांवर मोजून अकरा सांगितले आणि सुनेचे दिवस भरत आलेत, बारा धरा, असंही सांगितलं. खाणारी तोंडं जास्त हा त्यांच्यात मोठेपणा, तिथे कुणाला लपवायचं काही नव्हतं. चुआने मला खूण केली. मी फळ्यावरचं 'काल' आणि 'आज' पुसून भराभर लिहून घ्यायला लागले. शाळेत किती वर्षं गेलात? न्हिया पाओ हसले, म्हणाले, शाळा चार दिवसांच्या वाटेवर होती, मी पोचेपर्यंत मोठा झालो. शून्य. घरी आलेलं सरकारी पत्र कोण वाचतं? नातू. नात. चुआ. चुआ. चुआ.

दुपारी आम्ही हिशेब केला. म्हाताऱ्याचे फुगवलेले अठ्ठ्याऐंशी हजार चौदा माणसांत वाटले तर माणशी सव्वासहा हजारांच्या आसपास. खोटे आकडे जसेच्या तसे ठेवूनसुद्धा, माणशी मोजलं तर आमची घरं तक्त्यातल्या प्रत्येक ओळीच्या खाली गेली. मला आनंद झाला. चुआ मात्र अजून धुमसत होती.

"हे मला पहिल्या दिवशी का सुचलं नाही? तीन आठवडे! बासष्ट घरी जेवले मी. चार किलो वजन वाढलंय!"

मे महिन्यात बैठकीला ती तिच्या मुलीच्या लग्नातला काळा कोट घालून आली. मंडळाचे सात जण होते. लिंडक्विस्टबाईंनी आमचा कागद सगळ्यांना वाटला. टोकाला बसलेले एक वयस्क गृहस्थ, कानात यंत्र, त्यांनी कागद दोनदा वाचला आणि सभ्यपणे विचारलं, "मला एक समजत नाही. व्हिएतनामी लोकही निर्वासितच. तेही त्याच सुमारास आले. मग ते पुढे गेले आणि तुम्ही का नाही?"

हा प्रश्न चुआने आयुष्यात किती वेळा ऐकला असेल! दिराकडून, जावयाकडून, कारखान्याच्या मुकादमाकडून. मी टेबलाखालून तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला.

"साहेब, सायगॉनहून जे पहिले आले त्यांच्यात डॉक्टर होते, टायपिस्ट होते, दुकानदार होते. आमच्याकडे कुदळ होती. आमच्या भाषेला लिपी मिळून तेव्हा तीस वर्षंही झाली नव्हती. आणि सगळे व्हिएतनामी पुढे गेले हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझी शेजारीण त्रिन्हबाई नंतर होडीतून आली. पासष्टाव्या वर्षी हॉटेलच्या खोल्या झाडते. तिला विचारा, ती कुठल्या ओळीत आहे." ती थांबली. मग म्हणाली, "तुमच्या घरचे कधी आले?"

"माझे पणजोबा नॉर्वेहून. १८८१ साली."

"मग आम्ही येऊन तेवढी वर्षं होऊ द्या. मग आपण तुलना करू. मी येईन."

सगळे हसले. ते गृहस्थ सगळ्यात मोठ्याने हसले. परत येताना मी म्हटलं, "जिंकलीस." ती म्हणाली, "हसले म्हणजे देतीलच असं नाही."

तिचं खरं ठरलं. एका वर्षासाठी, निम्मी मदत. माडीचं भाडं परवडेना म्हणून आम्ही एका चर्चच्या तळघरात गेलो. तिथे ब्रह्मदेशातून आलेल्या करेन लोकांचा वर्गही आमच्यातच मिसळला. करेन बायका सुरुवातीला उशिरा यायच्या, मागे बसून गप्प राहायच्या. तिसऱ्या आठवड्यात चुआ माझ्या कानाशी कुरकुरली, "आम्ही आलो तेव्हा वर्षभरात बस पकडायला शिकलो होतो. यांना तीन वर्षं झाली."

"चुआ, ऐकलंस का काय बोललीस?"

"गप्प बस," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून आपली व्हॅन घेऊन त्या बायकांना घरून आणायला लागली, आणि उशीर झाला की खिडकीतून ओरडायलाही लागली.

पुढच्या वर्षी संस्थेने तक्ता सुधारला. चुआच्या मांडणीबद्दल आभाराचं पत्र आलं. आता 'आशियाई' ओळीची दोन भागांत वाटणी केली होती आणि त्यातला एक भाग होता आग्नेय आशियाई: व्हिएतनामी, हमाँग, करेन, सगळे एकात. आकडा सरासरीच्या जेमतेम वर. चुआने तो कागद दोन्ही हातांत धरून वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला, आणि मग कपाळाला हात लावून खालीच बसली.

"मास्तरीणबाई, तुझ्या नवऱ्यातून सुटले तर आता त्रिन्हबाईच्या जावयात अडकले. दातांचा डॉक्टर आहे मेला."

मदत थांबली. वर्ग थांबला नाही, कारण चर्च भाडं घेत नव्हतं, मी पगार घेतला नाही आणि चुआने पुन्हा कारखान्यात अर्ध्या दिवसाचं काम धरलं. वर्ग तेवढा मंगळवारी आणि गुरुवारी भरायचा. न्हिया पाओंनी ऐंशीव्या वर्षी गॅस कंपनीचं पत्र स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं, दोन शब्द चुकले. शेवटी म्हणाले, "एवढी वर्षं हे असं उद्धट लिहीत होते? आणि तू मला सांगितलं नाहीस, सूनबाई?"

गेल्या महिन्यात दुसऱ्याच एका संस्थेची तरुण बाई तळघरात आली. वही उघडून तिने हसतमुखाने चुआला विचारलं, "तुमचा समाज आता बराच पुढे गेला आहे, नाही का?"

"कुणाच्या पुढे?" चुआने विचारलं.

ती मुलगी वहीची पानं चाळायला लागली. चुआ उसासा टाकून उठली, तिच्यासाठी एक खुर्ची आणली आणि मागच्या रांगेत, करेन बायकांशेजारी मांडली. "बस," म्हणाली, "वर्ग सुरू होतोय. दीड तास बसावं लागेल, मध्ये उठायचं नाही." मुलगी बसली. मी फळ्याकडे वळले.