जटामांसीचं तेल

केसांचं तेल मी घरीच उकळते. खोबरेल, माका, ब्राह्मी आणि मूठभर जटामांसी. जटामांसी म्हणजे माझ्या लेखी काष्ठौषधीच्या दुकानातली पुडी. बहरीनला आल्यावरही दर रजेत नागपूरहून घेऊन यायचे. ही मुळं कुठे उगवतात, हा प्रश्न कधी डोक्यात आलाच नाही.

इथे सलमानिया भागातल्या एका छोट्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. तिथे साफसफाईला एक नेपाळी मुलगी आहे, मला दीदी म्हणते. एकदा मी तेल लावून गेले, तर ही माझ्या डोक्याजवळ नाक आणून उभी. म्हणाली, हा तर आमच्या डोंगराचा वास. तिच्या गावाच्या वर, झाडं संपतात त्याच्याही वर, हे रोप उगवतं. मुळासकट उपटावं लागतं, म्हणजे रोप मेलंच. पूर्वी गावामागेच मिळायचं, आता दोन दिवस चढावं लागतं. म्हणून गावाने एक उतार बंद ठेवलाय, बी पडून नवी रोपं यावीत म्हणून. त्याची राखण तिच्या आईकडे.

एवढं सगळं ऐकून मी काय म्हणावं? मला थोडी मागव ना, अस्सल मिळेल! आता लाज वाटते. तेव्हा नाही वाटली बाप्पा, वर दोनदा आठवणही केली. तिच्या रेसिडेन्स कार्डाचे फॉर्म मीच भरून देते, ती नाही कशी म्हणणार होती?

रजेवरून परतणाऱ्या तिच्या गाववाल्याबरोबर पिशवी आली. मुळांना माती होती, काहींना सुकलेली फुलं तशीच. मी विचारलं, तेव्हा तिने सरळ सांगितलं. गुडघ्यांमुळे आईला वर चढवेना, आणि लेकीचा शब्द मोडवेना. तिने बंद उतारावरचीच खणली, बी पडायच्या आधी. लोकांनी पाहिलं. आई म्हणाली, मुलगी परदेशात आजारी आहे, औषधाला हवी होती. लोक गप्प झाले, पण राखण काढून घेतली.

त्या मुळांचं मी तेल केलं. आता टाकून देऊन तरी काय होणार, असं स्वतःला समजावत केलं. इतकं छान तेल कधी झालं नव्हतं. इथल्याच जनाबिया भागातल्या मैत्रिणींनी बाटल्या मागून मागून नेल्या, आणि मी कौतुक ऐकून घेतलं.

आता ती गावी निघालीय. परवा लॅबचा ओटा पुसता पुसता तिने विचारलं, आवाजात रुसवा नाही, काही नाही.

"दीदी, गावात विचारतील. मला काय झालं होतं म्हणून सांगू?"

खरं सांग, माझं नाव घे, असं म्हणायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. पण मी दिवसभर लोकांचे रिपोर्ट बघणारी, मला दुसरं उत्तर लगेच सुचलं.

"अर्धशिशी सांग," मी म्हटलं. "ती कुठल्याच तपासणीत दिसत नाही."