काम उरकल्यावर सांगा

सासूबाई गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला धाकटा मुलगा एकच गोष्ट ऐकवत होता. "आईने जग पाहिलं हो! विमानात खिडकीशीच बसायचा हट्ट असायचा तिचा." माणसं माना डोलवत होती. आत थोरली सून कप विसळत होती आणि तिच्या अंगाची लाही लाही होत होती.

कसलं जग आणि कसलं काय! परदेशात धाकट्या सुनेची बाळंतपणं, लेकीची बाळंतपणं, मध्येच जावयाचं पाठीचं ऑपरेशन. ज्या ज्या देशात गेल्या, तिथलं स्वयंपाकघर तेवढं सासूबाईंनी पाहिलं. कोणाच्या घरात गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो, कुठल्या मशीनचं झाकण दाबून धरावं लागतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. सगळे भटकायला निघाले की बाळापाशी कोणीतरी हवंच, आणि ते कोणीतरी म्हणजे त्याच. पण तक्रारीचं नाव नाही. परत आल्यावर नातवंडांच्या खोड्या सांगताना चेहरा असा फुलायचा की ऐकणाऱ्याला हेवा वाटावा. पोरांवर जीव ओवाळून टाकणारी बाई ती.

घराला त्यांनी एक नियम घालून दिला होता. कोणाचं महत्त्वाचं काम चाललं असेल तर वाईट बातमी ते उरकल्यावरच द्यायची. थोरल्याची शेवटची परीक्षा चालू होती तेव्हा सासरे दवाखान्यात होते, आणि "बाबा गावाला गेलेत" असं सांगून सासूबाई त्याला रोज हसतमुखाने डबा देत होत्या. घरात याचं केवढं कौतुक!

त्यांची मोठी बहीण शिवणकाम करून एकटी राहायची, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. तिच्याकडे निवांत आठवडाभर राहायचं, ही एकच हौस सासूबाईंना स्वतःसाठी होती. पण पिशवी भरली रे भरली की इकडे कोणाचं तरी पोट दुखायचं, नाहीतर तिकडे कोणाचं तरी पोट वाढायचं. "एवढं उरकलं की जाते ताईकडे," म्हणत त्या विमानात बसायच्या.

शेवटच्या खेपेला त्या लेकीकडे होत्या आणि इकडे त्यांची ताई गेली. "त्यांना आजच सांगायला हवं," थोरली सून म्हणाली. नवरा डाफरला, "तिकडे बाळ महिन्याचंही नाही. आणि हा आईचाच नियम आहे." लेकीचंही तेच मत पडलं. मग आठवड्यामागून आठवडे फोन होत राहिले.

"ताईला सांग रे, आले की येतेच."

"सांगतो, आई."

विमानतळावरून घरी येताना थोरल्याने गाडीत सांगून टाकलं.  सासूबाई म्हणाल्या, "मग माझा निरोप तू कोणाला सांगत होतास?"

थोरल्याने गाडीचा वेग वाढवला.

त्यानंतर त्या कुठेच गेल्या नाहीत. "आई बदलली," असं धाकटा कुरकुरला, कारण त्याच्या बायकोला नवी नोकरी लागली होती आणि मुलं सांभाळायला कोणी नव्हतं.

पुढे सासूबाईंनी अंथरूण धरलं. थोडेच दिवस उरलेत, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. सासूबाईंनी सुनेला जवळ बोलावलं. "परदेशी पोरांना कळवू नकोस. धाकट्याचं नवीन घराचं चाललंय. उरकलं की सांग."

या वेळी सुनेने नियम धाब्यावर बसवला. जिन्यात जाऊन तिने धाकट्याला फोन लावला, सगळं सांगितलं, लगेच निघा म्हणाली. तो म्हणाला, "आई स्वतःच नको म्हणाली ना, वहिनी? मग तिचा शब्द कशाला मोडायचा? घराचा ताबा मिळाला की येतोच." लेकीलाही लावला. ती ढसाढसा रडली आणि रडून झाल्यावर, आईला काही बोलू नकोस, उगीच घाबरेल, अशी ताकीद देऊन मोकळी झाली.

सून खोलीत आली तेव्हा सासूबाईंचे डोळे दाराकडेच होते.

"कळवलंस का गं?"

नको नको म्हणणारी बाई मनातून वाट बघत होती, हे सुनेला त्या आवाजावरून कळलं. धाकट्याच्या नावाने शिवी तोंडात आली, ती तिने गिळली.

"नाही, आई. तुम्हीच नको म्हणालात ना."

सासूबाईंचा चेहरा सैल पडला. "बरं केलंस. कळलं असतं तर हातातलं टाकून धावत आली असती गं माझी पोरं."

"हो, आई," सून म्हणाली. "धावत आली असती."