उजवीकडेही शेळ्या

आमच्या घरात काही बिघडलं की ते कुणी बिघडवलं हे विचारायची पद्धत नाही. सगळे एकदा माझ्याकडे बघतात आणि पुढच्या कामाला लागतात. असे किस्से नाताळच्या जेवणात मीच रंगवून सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगितले तर जास्त लागतात. हा एक मात्र तीन वर्षं पोटात ठेवला होता.

माझा मामा हरसूलकडच्या एका पाड्यावर मास्तर होता. निवृत्त झाल्यावर त्याने तिथल्या बोलीत बायबलातलं शुभवर्तमान उतरवायला घेतलं. अकरा वर्षं, शंभर पानी वह्यांमधून. शेवटी शेवटी काचबिंदूने एक डोळा गेला आणि दुसऱ्याचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नाशिकच्या तपासणी समितीने पुढच्या बैठकीत होकार दिला तर छपाई. नाही दिला तर सगळ्या वह्या परत दुरुस्तीला, आणि दुरुस्त करायला डोळे नाहीत.

वह्या टाइप करायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं डीटीपीचं दुकान आहे आणि घरात मी संगणकातली तज्ज्ञ समजली जाते. ही समजूत मी कधी खोडून काढली नाही.

वाद होता मेंढरांवरून. पाड्यावर मेंढरं कुणी पाळत नाही, तिथे शेळ्या. मेंढरं म्हणजे दिवाळीनंतर परमुलखातून येणारे कळप, उभा हरभरा खाऊन पुढे जाणारे. म्हणून हरवलेल्या मेंढराची गोष्ट मामाने हरवलेल्या शेळीची केली. समितीचे अध्यक्ष, चर्चचे एक वयस्कर पाळक, यावर आधीच तापले होते. “गुरुजी, शास्त्रात मेंढरू आहे तर मेंढरू. आज शेळी आणलीत, उद्या द्राक्षवेल काढून मोहाचं झाड लावाल.”

“वेल राहू द्या की,” मामा म्हणाला होता. “ती त्यांना माहितीय. दरसाल निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात.”

फक्त एका जागी मामानेही मेंढरं ठेवली होती. शेवटच्या न्यायाचा प्रसंग. तिथे मेंढरं उजवीकडे आणि शेळ्या डावीकडे अशी निवड होते, उजवीकडचे तरतात, डावीकडचे नरकात जातात. मामाने मला फोनवर बजावलं होतं, “पहिल्या वह्यांत मेंढरंच राहिलीत. सगळीकडे शेळी कर, पण न्यायाला हात लावू नकोस.” मी हो म्हणाले. समोर लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक बसलं होतं, नवऱ्यामुलाच्या आत्याचं नाव राहिलं म्हणून भांडत. मी एक बटण दाबलं आणि अख्ख्या शुभवर्तमानातली मेंढरं एका क्षणात शेळ्या झाली. वेळ वाचला म्हणून स्वतःवर खूषही झाले.

बैठक चर्चच्या हॉलमध्ये होती. तपासायची रीत अशी, की पाड्यावरून मजकूर पूर्वी न ऐकलेलं माणूस आणायचं, त्याला वाचून दाखवायचं आणि काय समजलं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं. मामाने एक म्हातारी आणली होती. मी कागदपत्रं धरून मामाच्या शेजारी.

अध्यक्षांनी नेमका न्यायाचा प्रसंग काढला आणि स्वतः वाचला. शेळ्या उजवीकडे उभ्या राहिल्या. शेळ्या डावीकडे उभ्या राहिल्या. त्यांनी तेच पुन्हा, सावकाश वाचलं. मी चहाचा कप मांडीवरच्या कागदांवर टेकवला आणि ते पान शोधायला लागले.

“काय समजलं, आजी?”

म्हातारीने आधी उजव्या, मग डाव्या हाताकडे पाहिलं. तिचं बोलणं मी आपल्या मराठीत सांगते. “शेळ्याच शेळ्या. मग निवडलं काय?”

“मीही तेच विचारतोय.” अध्यक्षांनी चष्मा काढला. “गुरुजी, न्यायच पुसून टाकलात. ही चूक नाही, ही खोटी शिकवण झाली. असलं पुस्तक मी छापू देणार नाही.”

मामाने मान माझ्याकडे वळवली, तेव्हा मला कळलं की त्याला कळलंय. तरी तो समोर बघत म्हणाला, “वह्या माझ्या आहेत. जबाबदारी माझी.”

अकरा वर्षं माझ्यापायी जात होती आणि मी मनात हिशेब करत होते, की आता बोलले तर लोक दुकानात येतील का. शेवटी उठले ते धैर्याने नव्हे. चहा साडीवर सांडला म्हणून उठले, आणि उभी आहेच तर बोलून टाकलं. बटण, गिऱ्हाईक, आत्याचं नाव, सगळं. सोळा नंबरची वही पिशवीत होती, ती उघडून दाखवली. मामाच्या वाकड्या अक्षरात उजवीकडे मेंढरं होती.

अध्यक्षांनी वही बराच वेळ पाहिली. मग समितीतले चौघं बाहेर व्हरांड्यात गेले. आम्ही तिघं आत. म्हातारी मामाला म्हणाली, “मास्तर, मेंढरं उजवीकडं असतील तर आमी कुठं?” मामाने स्वतःचा चहा तिच्यापुढे सरकवला.

निर्णय असा झाला: छपाई होईल, पण शेळ्या नकोत. शास्त्रात जिथे मेंढरू आहे तिथे मेंढरूच. “एकदा शेळी आत आली की कुठेही शिरते, हे आजच पाहिलं,” अध्यक्ष म्हणाले. माझ्या बटणाने त्यांच्या हातात आयता पुरावा दिला होता. मामाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात येऊन बसला. “बटण नको,” म्हणाला. “नाहीतर डावीकडच्या शेळ्याही मेंढरं होतील. एकेक कर. वाचून दाखव.” पत्रिकावाल्यांना परत पाठवून मी एकेक शेळी काढत राहिले. हरवलेल्या शेळीपाशी आले आणि थांबले.

“इथे?”

“मेंढरू कर.”

“मामा, तुझी ही गोष्ट...”

“कर. पाड्यावर वाचून मीच दाखवणार ना? मला अक्षरं दिसत नाहीत, पाठ आहे तेच म्हणेन. पाठ शेळी आहे.”