यांचा डावा हात

साठी उलटल्यावर माणसं काशीला जातात, आम्ही इंग्लंडला गेलो. हे लातूरच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि रिकामपणी माझ्या फोडणीत चुका काढत होते. तेवढ्यात मठातल्या स्वामीजींनी विचारलं. लातूर, उदगीर, बिदरकडची आपली पोरं तिकडे नोकरीला गेलेली, त्यांना लेकरंबाळं झालेली. त्यांच्यात दीड वर्ष राहायचं, रविवारी सगळ्यांना घेऊन लिंगपूजा करायची, लेकरांना आमच्या संतांची वचनं शिकवायची, कुणाच्या घरी सुखदुःख झालं तर जाऊन बसायचं. मी म्हटलं, "मला तिथली भाषा येत न्हाई." हे म्हणाले, "इथं तरी तू कुणाचं ऐकतीस?" झालं, निघालो.

मठानं दोन खोल्यांचं घर बघून दिलं होतं. सकाळी उठावं तर बाहेर अंधार, आणि नळाचं पाणी हाडात शिरेल असं. तरी यांची आंघोळ आणि पूजा चुकली नाही. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं लिंग रोज डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि त्याच्यावर नजर ठेवून बसायचं. पूजेआधी अन्न नाही. ज्याचं लिंग त्यानंच हाताळायचं, बायकोनंसुद्धा त्याला हात लावायचा नाही. बेलाची पानं मी रेणापूरहून वाळवून नेली होती, ती पुरवून पुरवून वापरायची.

पूजा झाली की चहा, मग बस पकडून कुणाच्या तरी घरी. उदगीरच्या एका बाळंतिणीकडे मी महिनाभर रोज जायचे. लेकराला तेल लावायचं, तिला खसखशीची खीर करून घालायची. तोवर हे तिच्या नवऱ्याला समोर बसवून संसारावर व्याख्यान द्यायचे. बिचारा कंपनीत मोठा साहेब होता, पण यांच्यापुढे छडी खाल्लेल्या पोरासारखा बसायचा. मला हसू यायचं. मनातून अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू? लातुरात ज्यांना रिक्षावाला विचारत नव्हता, त्यांच्या पायाशी इथं माणसं वाकत होती.

हिवाळा लागला आणि यांची पूजा लांबायला लागली. आधी तासभर, मग दोन तास, मग दुपारपर्यंत. खोलीचं दार बंद. मी भाकऱ्या झाकून बसायचे. साखरेचा आजार, त्यात पोटात अन्न नाही. विचारलं की म्हणायचे, "मन लागून राहिलंय, तू कशाला मधी येतीस?" बाळंतिणीच्या नवऱ्यानं एकदा दुपारी फोन केला, तेव्हा हे पूजेतच होते. त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं आणि रविवारपर्यंत सगळीकडे झालं की काकांनी अनुष्ठान धरलंय. त्या रविवारी पूजेचा हॉल भरून गेला. एरवी न फिरकणारे लोकही लेकरांना घेऊन आले, यांच्या हातून भस्म लावून घेतलं. यांनी कुणाला हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. त्या दिवशीही घरची पूजा उरकूनच आलो होतो, हॉलमध्ये हे फक्त वचन म्हणाले. मीही मान हलवत होते. नवरा म्हातारपणी साधू व्हायला निघाला की काय, असा एक खुळा विचारही येऊन गेला.

एका दुपारी आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी दार ढकललं. भस्माची वाटी सांडली होती. हे पाटावर बसून उजव्या हातानं डावं मनगट उचलून धरत होते. तळहात सरळ झाला की उजवा हात सोडून लिंगाकडे न्यायचे, तेवढ्यात डावा हात कलायचा. पुन्हा मनगट धरायचे. घाम आला होता, त्या थंडीत. मला बघून ओरडले नाहीत, त्यानंच मी घाबरले. खाली मान घालून म्हणाले, "लिंग पडलं न्हाई अजून. पडू दिलं न्हाई म्या."

मला इतका राग आला की रडूच आलं. म्हटलं, "आन् तुमी पडला असता तर?"

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हिवाळा लागल्यापासून अर्धांगाचे हलके झटके येऊन गेलेत. हात किती सुधारेल, सांगता येत नाही. परत येताना बसमध्ये हे एवढंच बोलले, "मठात कळवू नको. पूजा करता येत न्हाई म्हणून परत आला, असं गाव म्हणंल." मला गावाचं काही पडलेलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की हात उचलला नाही तर हा माणूस जेवणार नाही, आणि जेवला नाही तर मी एकटी लातूरला परतेन.

दुसऱ्या दिवशी यांच्या शेजारी पाट मांडून बसले. यांच्या डाव्या हाताखाली माझा हात ठेवला. म्हटलं, "लिंगाला म्या शिवत न्हाई. तुमच्या हाताला शिवते. त्याला तर लग्नातच शिवलेय." हे माझ्याकडे थोडे सरकले. मग उजव्या हातानं लिंग काढून तळहातावर ठेवलं. त्या दिवशी आम्ही सकाळी नऊ वाजता जेवलो.

रविवारी हॉलमधल्या पूजेला मात्र अडून बसले. चारचौघांत बायकोच्या हातावर हात ठेवून बसायचं म्हणजे हेडमास्तरांची सगळी इभ्रत जायची. मी म्हटलं, "मग त्यान्ला सांगा, अनुष्ठान संपलं." हे निमूट उठले. हॉलमध्ये सगळ्यांसमोर मी हात पुढे केला तेव्हा यांचे कान लाल झाले होते. हे म्हणाले, "माझा हात गेलाय. अनुष्ठान-बिनुष्ठान काही नव्हतं. आजपासून आमची दोघांची पूजा एका हातावर." कुणी हसलं नाही. पुढच्या रविवारी गर्दी निम्म्यावर आली. जे आले ते उरलेले महिने येत राहिले. मुदत पुरी करूनच आम्ही परतलो.

लातूरला आल्यावर वर्षभर तसंच चाललं. मग एका पहाटे हे झोपेतच गेले.

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, भिंतीला टेकवून बसवतात आणि डाव्या तळहातावर त्याचं लिंग देतात. विधी करणाऱ्या जंगमांनी ते ठेवलं, पण हात एका बाजूला कलायला लागला. मी जवळ जाऊन बसले आणि खाली हात दिला. कुणीतरी म्हणालं, "काकू, असू द्या, बांधूत." मी ऐकलं नाही. नांदेडहून मुलगी यायची होती. माणसं येत होती, हात जोडून शरणार्थ म्हणत बाजूला होत होती आणि मी बसून होते.

मुलगी आली, वडिलांच्या पायावर पडून रडली, मग माझ्याकडे वळली. "आई, आता काढ हात. न्यायचंय."

"तू रुमाल बांध आधी. घट्ट बांध."

तिनं तळहातावरचं लिंग रुमालानं बांधलं, दोनदा गाठ मारली, ओढून बघितली. मी हात काढून घेतला. तो यांच्या हाताइतकाच गार झाला होता.